कुणालाच नको असलेलं बेट

अँग्विलाची जमीन फारसं काही देत नाही. कॅरिबियनच्या ईशान्य कोपऱ्यात पडलेली ही चुनखडीची लांबट पट्टी. लांबी पंचवीस-सव्वीस किलोमीटर, रुंदी फार तर पाच. डोंगर नाही, नदी नाही. सगळ्यात उंच टेकडीसुद्धा शंभर मीटर भरत नाही. पाऊस आधीच बेताचा, आणि पडतो तोही खडकाच्या भेगांतून खाली निघून जातो. वर उरतात काटेरी झुडपं, शेळ्या आणि खळग्याखळग्यांत साठलेली वीतभर माती. दक्षिणेला समुद्रापलीकडे सेंट मार्टिनचे हिरवे डोंगर दिसतात. ढग तिकडे अडतात, पाऊस तिकडे पडतो, आणि अँग्विलाची माणसं इकडून तो बघतात.

मला हे सगळं सांगितलं स्लाउमधल्या दोन म्हाताऱ्या भावंडांनी. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रोच्या पलीकडे असलेल्या या कारखान्यांच्या गावात 1950 नंतर अँग्विलाची माणसं येऊ लागली. एकाने नोकरी धरली की भावाला बोलवायचं, भावाने मेव्हण्याला. असं करत बेटाबाहेरची त्यांची एक मोठी वस्ती इथे झाली. आम्ही बऱ्याच नंतर आलो. शेजारच्या घरात अंकल राहायचे, आणि बेटावरून अधूनमधून येऊन महिनोन्‌महिने मुक्काम करणारी त्यांची थोरली बहीण. तिला सगळे आँटी म्हणत, मीही म्हणायला लागले. ओळख झाली ती तुरीमुळे. आमच्याकडच्या गुजराती दुकानातून तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन येत होते, तर आँटी फाटकात उभ्या. “पोरी, या कुठे मिळाल्या?” अँग्विलात तूर-भात म्हणजे घरोघरचं जेवण. पाणी कमी असलं तरी तग धरणारं पीक म्हणून तूर तिथे टिकली. त्या दिवशी आम्ही दोघी पायरीवर बसून शेंगा सोलत होतो, आणि आँटी मिठाबद्दल सांगत होत्या.

सँडी ग्राउंड या गावामागे समुद्राला लागूनच एक मोठं खारं तळं आहे. कोरड्या महिन्यांत पाणी आटलं की तळाशी मीठ धरायचं. गावच्या बायका, माणसं, पोरं पाण्यात उतरून ते काढायची आणि तराफ्यांवर रचून काठाला आणायची. आँटी लहानपणी आईबरोबर जायच्या. पायाला चिरा पडायच्या, चिरांत खारं पाणी जायचं, आणि त्यावर उपाय एकच होता: गाणं जोरात म्हणायचं. ते मीठ जहाजांतून त्रिनिदादपर्यंत जायचं. 1980 च्या दशकात हा धंदा बंद पडला. तळ्याभोवती आता समुद्रपक्षी आणि पर्यटक असतात.

पुरुष मात्र मिठावर थांबत नसत. नव्या वर्षाच्या सुमाराला शिडाच्या जहाजांत दाटीवाटीने बसून ते सांतो दोमिंगोला, म्हणजे डोमिनिकन रिपब्लिकला, ऊस तोडायला जायचे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने परत यायला दिवसच्या दिवस लागत. येताना कोणाचं जहाज आधी पोचतं याची चुरस लागायची, आणि टेकडीवर जमलेल्या बायका शिडाच्या आकारावरून जहाज ओळखायच्या. त्या चुरशीतून होड्यांच्या शर्यती हा बेटाचा राष्ट्रीय खेळ झाला. “आमच्याकडे क्रिकेटसुद्धा आहे,” अंकल म्हणायचे, “पण भांडणं होतात ती होड्यांवरून.” त्यांचे वडील याच फेऱ्यांत वाढले आणि अंकल त्या टाळण्यासाठी इंग्लंडला आले. उसाऐवजी कारखाना, एवढाच फरक, असं ते म्हणत.

या गरिबीतच बेटाच्या इतिहासाची किल्ली आहे, हे मला हळूहळू उमगत गेलं. 1650 मध्ये सेंट किट्सवरून आलेल्या इंग्रजांनी इथे वसाहत केली. त्यांनी तंबाखू, कापूस, ऊस असं सगळं लावून पाहिलं. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं इथेही राबवली गेली. गुलामगिरीच्या क्रौर्यातून हे बेट सुटलं नव्हतं. पण बार्बाडोस किंवा सेंट किट्ससारखे अफाट मळे इथे उभे राहू शकले नाहीत. दुष्काळ आला की मळेवाल्यालाच खायची भ्रांत पडायची, मग तो गुलामांना आपापलं पोट भरायला शेतीला, मासेमारीला, होडी बांधायला मोकळं सोडायचा. हळूहळू गोरे जमीनदार कंटाळून निघून गेले. 1834 मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा इतर बेटांवर मुक्त झालेल्या माणसाला जुन्याच मालकाच्या मळ्यावर मजुरी करावी लागली. अँग्विलात मालकच फारसे उरले नव्हते. खडकाळ का होईना, तुकडा तुकडा जमीन काळ्या कुटुंबांच्या हाती आली.

लंडनच्या सरकारलाही हे बेट नकोसं झालं होतं. पुढच्या दुष्काळात एक योजना निघाली: इथली सगळी माणसं उचलून दक्षिण अमेरिकेतल्या डेमेराराच्या ऊसमळ्यांवर न्यायची. तिथे गुलामगिरी संपल्यावर मजुरांची टंचाई झाली होती. अँग्विलाच्या बहुतेकांनी नकार दिला. आँटी ही हकीकत आपल्या आजीच्या तोंडून ऐकल्यासारखी सांगायच्या, जणू होडी किनाऱ्याला लागली होती आणि आजीने तिच्याकडे पाठ केली होती. मला त्यातली दुसरी बाजू अंगावर आली. त्याच डेमेरारात 1838 पासून कलकत्त्याहून भरलेली जहाजं पोचू लागली होती. अँग्विलाच्या माणसांनी नाकारलेल्या त्या प्रदेशात आपल्या देशातली माणसं करारावर अंगठा उठवून राबायला गेली. नकार द्यायला पायाखाली स्वतःची जमीन लागते, मग ती दगडाची का असेना.

बेटाचा कारभार मात्र 1825 पासून शंभरेक किलोमीटरवरच्या सेंट किट्सला जोडलेला होता. अँग्विलाच्या लोकांना ही सोयरीक कधीच पटली नाही. 1872 मध्ये त्यांनी लंडनला अर्ज केला की आम्हाला यांच्यापासून वेगळं करा. उत्तर आलं नाही म्हणण्यासारखंच आलं. विसाव्या शतकात सेंट किट्सचा नेता झाला रॉबर्ट ब्रॅडशॉ. हा माणूस साधा नव्हता. 1948 मध्ये उसाच्या मजुरांचा तेरा आठवड्यांचा संप त्याने लढवला होता, आणि मळेवाल्यांच्या नाकावर टिच्चून तो सत्तेवर आला होता. पण त्याचं सारं राजकारण मजूर आणि मालक यांच्या झगड्यातून घडलेलं, आणि अँग्विलात ना मळे होते ना मजूर संघटना. इथला प्रत्येक जण आपल्या तुकड्याचा मालक. ब्रॅडशॉला त्यांची नाडी सापडली नाही. त्यांना तो सापडला तो फक्त दूरवरचा मुकादम म्हणून. या बेटाचं वाळवंट करीन अशी धमकी त्याने दिली होती, असं आँटी ठामपणे सांगतात, आणि बेटावर हे सगळ्यांना पाठ आहे. 1967 पर्यंत अँग्विलात डांबरी रस्ता नव्हता, घरात दिवा लागायचा तो रॉकेलचा. वाळवंट आणखी काय वेगळं असतं, हा आँटींचा प्रश्न.

फेब्रुवारी 1967 मध्ये ब्रिटनने सेंट किट्स, नेविस आणि अँग्विला या तिघांना मिळून अंतर्गत स्वराज्य दिलं. सत्ता गेली ती सेंट किट्सच्या हाती. तीन महिन्यांनी, 30 मे रोजी, अँग्विलाच्या लोकांनी सेंट किट्सच्या मूठभर पोलिसांना विमानात बसवून परत पाठवलं. विमान परत उतरू नये म्हणून धावपट्टीवर पिंपं आणि गाड्या आडव्या लावल्या. आँटींच्या घरचं पावसाचं पाणी साठवायचं पिंपही त्यांत गेलं. ते परत मिळालं का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, “क्रांतीत दिलेलं पिंप कोणी परत मागतं का? पण मिळायला हवं होतं.” 11 जुलैला मतदान झालं: वेगळं व्हायच्या बाजूने 1,813, विरुद्ध 5. ते पाच कोण, हे बेटावर प्रत्येकाला ठाऊक आहे. आँटींचे पाच वेगळे, अंकलचे वेगळे, आणि त्यांच्या चुलतभावाने एकदा जेवताना सांगितलेले आणखी वेगळे.

इथे माझा गोंधळ उडायचा. मी सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडे आजोबांच्या गोष्टी म्हणजे नाना पाटलांचं प्रतिसरकार, भूमिगत कार्यकर्त्यांना चोरून पोचवलेल्या भाकऱ्या. गोष्टीच्या शेवटी इंग्रज जायचाच. अँग्विलाच्या गोष्टीत बंडखोर पोलिसांना हाकलतात, आपलं मंडळ नेमतात, स्वतःची घटना लिहितात, आणि मग लंडनला कळवतात की आमच्यावर राज्य तुम्हीच करा. जगभरच्या वसाहती युनियन जॅक उतरवत असताना हे लोक तो हातात घेऊन रस्त्यावर आले होते. अंकलना मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, “तुमचा राजा तुमच्या अंगणात बसला होता. आमचा होता समुद्रापार. त्याला आमची आठवणच नव्हती, आणि हीच त्याची सगळ्यात चांगली गोष्ट. जवळचा मालक रोज बघतो.”

लंडनने दोन वर्षं टाळाटाळ केली. तेवढ्यात बेट आपल्या हिकमतीवर चाललं. सेंट किट्सच्या तिकिटांवर स्वतंत्र अँग्विला असा छाप मारून टपाल सुरू झालं, आणि जगभरच्या तिकीटशौकिनांनी त्याला पैसा दिला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही हौशी मंडळींनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली, बेटाला एक झेंडाही पाठवला. त्यावर जलपऱ्या होत्या. बेटाने तो फार दिवस ठेवला नाही. पांढऱ्यावर नारिंगी रंगाचे तीन डॉल्फिन आले, तेच आजही ब्रिटिश ध्वजाच्या जोडीने झळकतात. पुढारी होता रोनाल्ड वेबस्टर, शेताभातात रमणारा, देवभोळा. लंडन दाद देईना, तेव्हा फेब्रुवारी 1969 मध्ये पुन्हा मत घेतलं, या वेळी प्रजासत्ताक व्हायचं की नाही यावर. 1,739 विरुद्ध 4. आँटी म्हणतात, पाचांतला एक तेवढ्यात वारला होता.

मार्चमध्ये लंडनहून आलेल्या मंत्र्याला लोकांनी हुसकावून लावलं, आणि 19 तारखेला पहाटे ब्रिटिश पॅराट्रूपर आणि लंडनचे पोलीस किनाऱ्यावर उतरले. समोर लखलखाट झाला तो बातमीदारांच्या कॅमेऱ्यांचा. गोळी सुटली नाही, कोणी मेलं नाही. अंकल तेव्हा स्लाउच्या कारखान्यात होते. दुसऱ्या दिवशी सगळी पाळी हसत होती: आमच्या पोलिसांना कॅरिबियनची सहल मिळाली! अंकल हसले नाहीत. आई तिथे होती, आणि पत्राला आठवडे लागत. आँटींची हकीकत वेगळीच. दारात उभ्या घामाघूम शिपायाला त्यांच्या आईने पाणी दिलं, आणि मग विचारलं, “आता आलाच आहात, तर रस्ता करणार का?”

रस्ता झाला. सैन्याच्या इंजिनिअरांनी बांधकामं सुरू केली, मागाहून वीज आली. 1971 मध्ये ब्रिटनने कारभार थेट हाती घेतला, 1976 मध्ये बेटाला स्वतःची घटना मिळाली, आणि 19 डिसेंबर 1980 रोजी अँग्विला कायद्यानेही वेगळं झालं. तीन वर्षांनी सेंट किट्स आणि नेविस मिळून एक स्वतंत्र देश झाला. अँग्विला झालं नाही, ते आजही ब्रिटनचा सागरपार प्रदेश आहे. विधिमंडळात अकरा जण निवडून येतात: सात मतदारसंघांतून, चार साऱ्या बेटातून. कारभार प्रीमियर पाहतो. 2025 पासून त्या पदावर पहिल्यांदाच स्त्री आहे, कोरा रिचर्डसन-हॉज. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि अंतर्गत सुरक्षा लंडनने नेमलेल्या गव्हर्नरकडे. शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे चालतं. लोकवस्ती सोळा हजारांच्या आतबाहेर, पोट पर्यटनावर.

आणि अलीकडे एक गंमत झाली. इंटरनेटवर देशोदेशीला दोन अक्षरं वाटली गेली तेव्हा अँग्विलाच्या वाट्याला आली ‘एआय’. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली, आणि ज्याला त्याला आपल्या पत्त्याच्या शेवटी ती अक्षरं हवीशी झाली. 2023 मध्ये त्यातून बेटाला सुमारे 3 कोटी 20 लाख डॉलर मिळाले, सरकारी उत्पन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. 2017 च्या इर्मा वादळाने छपरं उडवलेल्या बेटाला हा पैसा वेळेवर आला. आँटींना मात्र त्याचं नवल नाही. जमिनीने कधी काही दिलं नाही, मग मीठ, ऊस, तिकिटं, आता अक्षरं. अँग्विला कायम बाहेरून आणूनच खात आलं आहे.

राज्यव्यवस्थेतला खरा पेच मला कळला तो एका निवडणुकीच्या काळात. आँटींकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. 2002 पासून सागरपार प्रदेशांतल्या लोकांना पूर्ण नागरिकत्व मिळालं. पण अँग्विलात राहून ब्रिटनच्या संसदेसाठी त्यांना मत देता येत नाही. गव्हर्नर धाडणाऱ्या सरकारच्या निवडीत त्यांचा हात नाही. मी भारतीय पासपोर्टवर स्लाउमध्ये राहत होते, आणि राष्ट्रकुलातली म्हणून मला मात्र ते मत होतं. सातारच्या माणसाने वेस्टमिन्स्टर निवडावं आणि ज्यांनी युनियन जॅक हातात घेऊन बंड केलं त्यांनी ते लांबून बघावं, असा हा हिशेब. बेटावरची तरुण मंडळी आता पूर्ण स्वातंत्र्याबद्दल मोकळेपणी बोलतात. आँटी त्यावर गप्प असतात. अंकल मात्र दर वेळी मत देतात, आणि दारात आलेल्या प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारतात: अँग्विला कुठे आहे? बहुतेक जण आफ्रिका म्हणतात. एकदा एका तरुणीने बरोबर सांगितलं. अंकलनी तिच्या पक्षाला आयुष्यात कधी मत दिलं नव्हतं, त्या वर्षी दिलं.