वाघोलीचा निळा दगड

आमच्या नामपूरकडे विहीर खणताना काळ्या पाषाणातून पांढरे, चकाकणारे खडे निघतात. सगळे त्यांना सरसकट ‘गारगोटी’ म्हणतात. खरी गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. हे बहुतेक झिओलाइट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि मागाहून झिरपलेल्या पाण्याने त्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढवले. आपण मात्र ते उचलून बांधावर फेकतो!

याच दख्खनी खडकाचं एक दुर्मीळ बाळ म्हणजे कॅव्हानसाइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन या तिघांच्या इंग्रजी नावांतली सुरुवातीची अक्षरं जोडून हे नाव पाडलं. म्हणजे नाव कसलं, सामानाची यादीच. शास्त्रज्ञांनी १९७३ साली त्याचं पहिलं वर्णन केलं ते अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून. त्याच निबंधात पेंटागोनाइट नावाचं भावंडही आलं : घटक तेच, रचना वेगळी.

पण ओरेगॉनचे स्फटिक बारीक. जगभरच्या संग्राहकांनी ज्याच्यासाठी जीव टाकला, तो निळा निघाला आपल्या पुण्याजवळ, नगर रस्त्यावरच्या वाघोलीच्या खाणींत. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले गडद निळे, सुयांचे गोंडे. रंग वरून दिलाय असंच वाटतं, पण तो व्हॅनेडियमचा. कडकपणा जेमतेम तीन-चार, त्यामुळे अंगठीत घालायच्या कामाचा नाही. बघायचा आणि जपायचा.

आता गंमत बघा. ती खाण स्फटिकांसाठी नव्हतीच, खडीसाठी होती. सुरुंग नसता तर हा दगड कधी दिसलाच नसता, आणि सुरुंगानंतर कुणी वेळेवर हात घातला नाही तर तोच दगड क्रशरमध्ये जाऊन रस्त्याखाली जायचा. किती निळा रस्त्याखाली गेला असेल, देव जाणे. बोरघाटाचं काम १८६३ साली पुरं झालं. ते चालू असतानाही कातळातून असेच सुंदर झिओलाइट निघाले आणि बोटीत बसून विलायतेच्या संग्रहालयांत गेले. आपल्याला त्यांची किंमत कळायला फार उशीर झाला, असं माझं मत. नाशिककरांना सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय तरी जवळ आहे. मुलांना एकदा न्याच, मंडळी.

आणि हो, यंदा कुणाची विहीर खणायची असेल तर मला आधी फोन करा. ढिगारा उचलण्याआधी एकदा चाळून बघायचाय.