रानातल्या काचभट्ट्या

काच म्हटली की शहरातला कारखाना आठवतो. इंग्लंडात मात्र चारशे वर्षे काच होत होती ती रानात. लंडनच्या नैर्ऋत्येस, सरे आणि ससेक्स परगण्यांच्या शिवेवर वील्ड नावाचा झाडीचा मुलूख आहे. तिथल्या चिडिंगफोल्ड गावाजवळ काच करणाऱ्या लॉरेन्सला जमीन मिळाल्याचा लेख सुमारे १२२६ सालचा आहे. १३५१ साली वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यातील प्रार्थनामंदिराला काच गेली तीही याच गावच्या जॉन अलेमेनकडून.

रानच का? तर सरपणासाठी, आणि राखेसाठीही. आपल्या आयाबाया भांडी घासायला जी राख घेत, तिच्यातल्या क्षारानेच तिथे वाळू वितळे. बाराव्या शतकातला थिओफिलस दोन भाग राखेला एक भाग वाळू घ्यायला सांगतो. वाळूत लोह असे, म्हणून काच हिरवट निघे. पुढे १६१५ साली राजाने काचभट्टीत लाकूड जाळायला बंदी केली आणि या रानातल्या भट्ट्या विझल्या.

आता तिथे उभे असे काही नाही. मग जागा कळते कशी? नांगराच्या फाळाने! शेतात मुशीचे तुकडे वर येतात, आतून काचेचा लेप चढलेले. काही ठिकाणी शेताचे नावच 'काचघराचे शेत' असे असते. नुसत्या काचेच्या तुकड्यांवर मात्र विसंबू नये. फुटकी काच लांबून गोळा करून पुन्हा वितळवीत, तेव्हा तुकडे सापडले म्हणजे भट्टी तिथेच होती असे नव्हे. मूस, मळी आणि जळकी माती एकत्र मिळाली पाहिजे. त्यातून राखेची काच ओल्या मातीत कुजते बरं का! तिच्यावर तपकिरी पापुद्रे चढतात आणि ती खापरीसारखी दिसू लागते. पोरांनी भिरकावली तर नवल नाही.

हा शोध लावला तो मुख्यतः गावच्याच माणसांनी. चिडिंगफोल्डच्या कूपर पाद्र्यांनी जुने कागद धुंडाळले. त्यांच्या टिपणांचा आधार घेऊन विनबोल्ट या शाळामास्तरांनी १९३३ साली पुस्तक लिहिले. शेजारच्या कर्डफर्डचे केन्यन शेतेच्या शेते पायी तुडवीत राहिले. त्यांचा ग्रंथ १९६७ चा. दरम्यान १९६० साली एरिक वुड यांनी हॅम्बलडनजवळच्या ब्लंडेन्स वुडमध्ये सुमारे १३३० सालची भट्टी उकरली. मधून जाळाची वाट, दोन्ही बाजूंस मुशींचे ओटे. शेजारी लहान भट्ट्याही होत्या, कारण तयार काच एकदम गार झाली की तडकते.