अडकलेले बोट : एका लहान शस्त्रक्रियेचा इतिहास

श्रोतेहो, इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राज्यारोहणे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. आज मी तुम्हांला ज्या इतिहासाची ओळख करून देणार आहे तो अवघ्या बोटभर लांबीचा आहे. तो माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेपासून सुरू होतो. तिच्यामुळेच मला तो शोधून काढावा लागला, म्हणून प्रथम तिची हकीकत सांगते.

जुनी मोडी कागदपत्रे वाचून त्यांची बालबोध नक्कल करणे हा माझा अनेक वर्षांचा उद्योग. पंचावन्नाव्या वर्षी एके दिवशी पहाटे जाग आली तो अनामिका तळहाताकडे मिटलेली. उघडू म्हटले तरी उघडेना. डाव्या हाताने ती सरळ केली तेव्हा 'कट्' असा खटका बसून कळ आली. पुढे हे नित्याचेच झाले. ओले कपडे पिळताना, पोळी लाटताना, टाक धरताना बोट अडके आणि खटका बसून सुटे. आमच्या मावशींनी तिळाच्या कोमट तेलाने बोटाचा मधला सांधा चोळून दिला. एका दवाखान्यात तो संधिवात ठरला आणि त्याच सांध्याला महिनाभर शेक मिळाला. उतार मात्र पडला नाही. त्याचे कारण असे की दुखणे त्या सांध्यात नव्हतेच.

या विकाराचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. खटका जाणवतो बोटाच्या मधल्या पेरापाशी, परंतु अडथळा असतो खाली तळहातात, बोटाच्या मुळाशी. हस्तसामुद्रिकवाले जिला हृदयरेषा म्हणतात तिच्या आसपास बोट ठेवून रोग्याला मूठ मिटावयास सांगितले, तर आत एक लहानशी गाठ सरकताना हाताला लागते. रोग्याची तक्रार एका ठिकाणी आणि रोगाचे मूळ दुसऱ्या ठिकाणी. हे अंतर ओळखावयास वैद्यकाला बराच काळ लागला.

बोट मिटविणारे स्नायू बोटात नाहीत, ते कोपराखालच्या हातात आहेत. तेथून निघालेल्या दोरीसारख्या कंडरा मनगटावरून तळहातात आणि तळहातातून बोटांत जातात. अंगठ्यास एक आणि इतर प्रत्येक बोटास दोन. विहिरीवरील रहाटाचा दोर जसा चाकावरून जातो तशा या कंडरा कप्प्यांसारख्या कड्यांतून ओवलेल्या असतात. ही कडी नसती, तर मूठ मिटताना कंडरा धनुष्याच्या दोरीप्रमाणे हाडापासून सुटून ताणल्या गेल्या असत्या आणि पकडीतील बळ गेले असते. बोटातील अशा पाच कड्यांपैकी पहिले तळहातात, बोटाच्या मुळाशी असते. ते जाड झाले, किंवा त्याखालून जाणारी कंडरा फुगली, की दोर आणि वेह यांचे माप जुळत नाही. मिटताना गाठ कशीबशी कड्यापलीकडे जाते, पण परतताना दारातच अडते; जोर लावला की एकदम सुटते. तोच तो खटका.

हातातील या दोऱ्यांची थोरवी जगापुढे मांडणारा पुरुष म्हणजे आंद्रेआस वेसालियस. त्याचा शरीररचनेवरील महाग्रंथ 1543 साली बाझेल येथे छापला गेला. त्यात त्याचे एक व्यक्तिचित्र आहे आणि त्या चित्रात हा अठ्ठावीस वर्षांचा शास्त्रज्ञ शवाचा हात सोलून त्यातील बोटे मिटविणाऱ्या कंडरा दाखवीत उभा आहे. हृदय नव्हे, मेंदू नव्हे, हात! आपल्या विद्येची खूण म्हणून त्याने हाताची निवड केली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

रचना ठाऊक झाली तरी रोग ओळखला गेला तो तीनशे वर्षांनी. 1850 साली आल्फोंस नोता या फ्रेंच वैद्याने हातातील कंडरांच्या आवरणांच्या एका विशेष विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. अडकणारे बोट, तळहातातील ती सरकती गाठ आणि आवरणाचा अरुंदपणा यांचा संबंध त्याने जोडला. आजही त्या गाठीस नोताची गाठ म्हणतात. फ्रेंचांनी या विकारास 'स्प्रिंगचे बोट' असे नाव दिले. इंग्रजीत त्यास बंदुकीच्या चापावरून 'ट्रिगर फिंगर' म्हणतात आणि तेच नाव आपल्याकडील दवाखान्यांत रूढ आहे.

आता तुम्ही विचाराल, रोगाचे स्थान कळले, मग ते कडे कापून बोट मोकळे करण्यास उशीर का व्हावा? ईथर तर 1846 साली आणि क्लोरोफॉर्म 1847 सालीच प्रचारात आले होते. उशिराचे कारण वेदना नव्हते, ते होते पू. कंडरेभोवतीचे आवरण हा एक बंद बोगदा आहे. त्यात पू शिरला तर तो बोगद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो, कंडरा कुजवितो आणि बोट कायमचे ताठ करून सोडतो. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या आवरणातून तर तो मनगटापर्यंत पोहोचू शकतो. अडकणारे बोट निदान मिटते तरी. ते उघडण्याच्या नादात सबंध हात पणास कोण लावणार? त्या काळच्या सुज्ञ शस्त्रवैद्याने चाकू खाली ठेवला, यात त्याचा भित्रेपणा नसून शहाणपणच होता.

हा बोगदा निर्भयपणे उघडण्यापूर्वी तीन दरवाजे उघडावे लागले. पहिला जोसेफ लिस्टरने 1867 साली उघडला. जखमेत पू होणे अटळ नाही, कार्बोलिक आम्लाने जंतूंचा नाश केला तर जखम स्वच्छ भरते, हे त्याने ग्लासगो येथील अनुभवावरून दाखवून दिले. दुसरा दरवाजा कील येथील एस्मार्कने 1873 साली उघडला. रबरी पट्टा आवळून हातापायातील रक्त मागे लोटावयाचे आणि रक्तहीन क्षेत्रात काम करावयाचे, ही त्याची युक्ती. रक्ताने भरलेल्या तळहातात नस आणि कंडरा सारखीच दिसते. कड्याच्या दोन्ही बाजूंनी बोटाच्या संवेदनेच्या नसा जात असल्यामुळे हे दिसणे किती मोलाचे, ते सांगावयास नको.

तिसरा दरवाजा व्हिएन्नाच्या कार्ल कोलरचा. कोकेनच्या द्रावाने डोळा बधिर होतो, हा त्याचा शोध 1884 च्या सप्टेंबरात हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या परिषदेत वाचला गेला. कोलरजवळ प्रवासखर्चापुरते पैसे नव्हते, म्हणून तो निबंध दुसऱ्याने वाचला! सबंध माणसास बेशुद्ध न करता देहाचा हवा तेवढाच भाग बधिर करण्याची कला येथून सुरू झाली. कोकेन घातक होते. 1905 पासून त्याची जागा नोव्होकेनने घेतली. स्वीडनमध्ये लोफग्रेनने 1943 साली लिडोकेन तयार केले आणि तेच आजही वापरात आहे.

याच प्रवासात एक चमत्कारिक भ्रम जन्मास आला आणि तो दोन पिढ्यांहून अधिक काळ टिकला. जपानी रसायनज्ञ ताकामिने याने 1901 च्या सुमारास अड्रेनलिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते. म्हणून जर्मनीच्या हाइनरिख ब्राउनने बधिर करणाऱ्या औषधात ते मिसळून 'रासायनिक पट्ट्या'ची कल्पना पुढे आणली. परंतु पुढे बोटांत असे इंजेक्शन दिल्यावर काही रोग्यांची बोटे काळी पडून गेली आणि दोष अड्रेनलिनच्या माथी आला. बोटात अड्रेनलिन कधीही घालू नये, हा नियम विद्यार्थी पाठ करू लागले. खरा संशयित निराळाच होता. यांपैकी बहुतेक प्रसंगी वापरलेले औषध कोकेन किंवा नोव्होकेन होते. नोव्होकेन जुने झाले की आम्लधर्मी बनून पेशी जाळते. कॅनडाचे डोनाल्ड लालोंद आणि त्यांचे सहकारी यांनी 2005 साली बोटांत व हातात अड्रेनलिन दिलेल्या 3110 रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत एकाचेही बोट गेले नव्हते. येथेही तक्रार एकीकडे आणि दोष दुसरीकडे होता. रोग्याच्या बोटाची चूक वैद्यकानेही केली होती.

सुरीवाचून दुसरा उपाय नाही, असे मात्र समजू नये. 1949 साली हेंच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संधिवातावरील कॉर्टिझोनचा गुण जाहीर केला. त्या कुळातील औषध कड्यापाशी टोचले असता सूज उतरून बोट मोकळे होते, असा अनुभव पुढील दशकात येऊ लागला. आज पुष्कळांचे काम तेवढ्यावर भागते. मधुमेह असणाऱ्यांत हा विकार अधिक आढळतो आणि इंजेक्शनाचा गुण त्यांना कमी येतो. मला मधुमेह आहे. दोन इंजेक्शने झाली. पहिल्याने चार महिने सुख दिले, दुसऱ्याने तीन आठवडे. अखेर शस्त्रक्रियेचा दिवस ठरला.

भीती वाटली, हे कबूल करते. उजवा हात, आणि तोही लिहिणारा! टेबलावर हात ठेवून पडले, तेव्हा तळहातात लिडोकेन आणि अड्रेनलिन टोचले गेले. त्वचा पांढरी पडेपर्यंत अर्धा तास थांबलो. पट्टा आवळला नव्हता, मी पूर्ण जागी होते. दीड सेंटिमीटरची चीर, कड्याचा उभा छेद. काम दहा मिनिटांचे. मग शस्त्रवैद्य म्हणाले, "आता बोट मिटा. उघडा पाहू." बोट मिटले, उघडले. खटका नाही! बेशुद्ध रोग्याला हे विचारता आले नसते. कडे पुरे सुटले की नाही, याचा निवाडा टाके घालण्यापूर्वी रोग्यानेच दिला.

पण बोट मोकळे होणे आणि हात बरा होणे यांत अंतर आहे, हे मला मागाहून कळले. पहिले दोन दिवस हात उशीवर उंच ठेवला. बोट मात्र पहिल्या दिवसापासूनच हलवावयाचे, कारण स्वस्थ बसलेली कंडरा भोवतालच्या जखमेला चिकटते. बाराव्या दिवशी टाके निघाले. सकाळी बोट जड आणि सुजलेले असे. कोमट पाण्यात हलविले की सैल होई. व्रण दोन महिने हुळहुळा होता. कुलपात किल्ली फिरविताना आणि पिशवी उचलताना त्याची आठवण होई. इतके दिवस वाकून राहिल्याने मधले पेर आखडले होते. ते पूर्ण सरळ होण्यास तिसरा महिना उजाडला. आमच्या मावशी आता तेल लावावयास सांगतात ते व्रणाला, आणि या वेळी शस्त्रवैद्यांचेही त्यांच्याशी एकमत आहे.

सहाव्या आठवड्यात मी मोडीचा अर्धवट राहिलेला कागद पुढे घेतला. प्रथम चारच ओळी लिहिल्या. अक्षर लहान मुलासारखे आले. आठवड्याने पान पुरे झाले.

श्रोतेहो, दहा मिनिटांच्या त्या कामामागे बाझेल, ग्लासगो, कील आणि व्हिएन्ना येथील माणसांची साडेचारशे वर्षांची मेहनत होती. तिच्यातील मोठा भाग चुका दुरुस्त करण्यात गेला. तुमच्यापैकी कोणाचे बोट पहाटे अडकत असेल, तर दुखणाऱ्या पेराला दोष देत महिने घालवू नका. तळहातात पाहून घ्या आणि जाणत्या वैद्याला दाखवा.