शेकरू गाडीखाली सापडत नाही, तरी रस्ता त्याला नडतो

रस्त्यावर चिरडलेली खार आपल्या भागात कुणाला नवी नाही. पाठीवर पट्टे असलेली ही छोटी खार दाणे-शेंगा हुडकत जमिनीवर हिंडते, गाडी आली की निम्म्यातनं माघारी फिरते आणि चाकाखाली जाते. शेकरूचं तसं नाही. ते सहसा खाली उतरतच नाही. त्यामुळं रस्त्यावर मेलेलं शेकरू क्वचितच दिसतं आणि रस्त्याचा त्याला काही त्रास नाही असं लोक धरून चालतात. त्रास आहे, फक्त तो वर आहे.

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. त्याच्यासाठी ओळखलं जाणारं भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. सुमारे १३० चौरस किलोमीटरचं हे जंगल पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलंय. वजन दीड-दोन किलो, शेपूट अंगाहून लांब. एवढ्या अंगाचा हा प्राणी सगळा प्रवास फांद्यांवरनं करतो. जांभूळ, उंबर, आंबा, हिरडा ज्या झाडाला जेव्हा लागेल तेव्हा तिथं पोचायचं, नसेल तेव्हा पानं आणि साल खायची, असा त्याचा वर्षाचा हिशोब. घरटं काटक्या-पानांचं, गोल. एकेका शेकरूची अशी बरीच घरटी असतात (वनविभागाची मोजणीही घरट्यांवरनंच चालते) आणि ती बांधताना ते शेजारच्या झाडांच्या फांद्या एकमेकींना लागलेली जागा धरतं. पळायला वाट पाहिजे ना.

ही वाट तुटते ती रुंदीकरणात. जुना एकेरी रस्ता पावणेचार मीटरचा. दोन्ही बाजूंची झाडं जुनी असली की वर फांद्या भेटतात आणि शेकरूला खाली डांबर आहे याचंही सोयरसुतक नसतं. दुपदरी रस्ता सात मीटरचा, वर साइडपट्ट्या आणि गटार. म्हणजे खोडापासून खोडापर्यंत दहा-बारा मीटर मोकळं. शेकरूची लांबात लांब उडी सहा मीटरपर्यंत सांगतात, आणि तीही चांगली भक्कम फांदी मिळाली तर. मग पलीकडचं फळावर आलेलं उंबर असून नसल्यासारखं. काही शेकरं अलीकडेच अडकतात, काही नाइलाजानं खाली उतरतात. तिथं गाडी आहे, कुत्रं आहे, बिबट्याही आहे. विजेच्या तारांवरनं पलीकडं जायला गेलं तर वेगळाच धोका. मादीला एका वेळेला एक-दोनच पिल्लं होतात, त्यामुळं गेलेली भर लवकर निघत नाही.

वाहनांची वेळही नडते. शेकरू सकाळी आणि दुपार कलल्यावर हिंडतं, भर दुपारी फांदीवर पसरून पडतं. श्रावणात आणि महाशिवरात्रीला भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्यांची रांग नेमकी पहाटेपासनं लागते.

रस्ता नको असं डोंगरातलं कुणी म्हणणार नाही. बाळंतपणाला निघालेल्या बाईला रस्ता लागतोच. पण सगळीकडं सारखीच रुंदी कशाला? दाट झाडीच्या टप्प्यात रस्ता अरुंद ठेवून गाड्यांचा वेग कमी करता येतो. तमिळनाडूत वालपारईला सिंहपुच्छ वानरांसाठी रस्त्यावर झाडापासनं झाडापर्यंत पूल टांगलेत. शेकरूसाठीही असे दोराचे पूल बांधता येतील, पण पावसानं दोर कुजतो, तेव्हा दरवर्षी बघणारा माणूस हवा. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात लावलेलं रोप फांद्या भिडण्याइतकं व्हायला एक पिढी जाते.

तोडायच्या झाडांची यादी करताना जात आणि खोडाचा घेर लिहितात. त्याच वेळी मान वर करून फांदी पलीकडच्या झाडाला लागते का आणि वर घरटं आहे का, एवढं लिहायला दोन मिनिटं पुरतात.