‘सेफ्टी’ सायकल ते बॅटरीची सायकल



हल्ली गटाच्या बैठकीत बॅटरीच्या सायकलीचा विषय हटकून निघतो. कुणाला रोज अंगणवाडी गाठायची असते, कुणाला डेअरीवर दूध घालायचं असतं, कुणाच्या मुलीच्या कॉलेजची आणि एसटीची वेळ जुळत नाही. मग पहिला प्रश्न येतो, ‘एकदा चार्ज केली की किती जाते?’ प्रश्न रास्त आहे. पण सायकलीचा इतिहास पाहिला की दुसरा प्रश्न आधी विचारावासा वाटतो, ‘हिचा धोका कशात आहे आणि तो आवरायचा कसा?’ कारण बायकांच्या हाती सायकल आली ती तिचा धोका कमी झाल्यावरच. आज तो इतिहास सांगते आणि त्याच्या ओघात या नव्या सायकलीची निगाही.

दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये जी सायकल चालायची, तिचं पुढचं चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं मोठं आणि मागचं अगदी लहान असायचं. पायडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेलं. म्हणून चाक जेवढं मोठं तेवढा वेग जास्त. बसायची जागा त्या चाकाच्या माथ्यावर. वाटेत दगड आला किंवा ब्रेक जोरात लागला की माणूस हँडलवरून पुढे तोंडावर आपटायचा. लांब घेराच्या झग्यात त्या उंच सीटवर चढणं बायकांना जमण्यासारखं नव्हतंच. ती तरुण पुरुषांच्या धाडसाची वस्तू होती.

१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी कोव्हेंट्री शहरात ‘रोव्हर’ नावाची सायकल आणली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, बसायची जागा खाली, पाय जमिनीला टेकतील अशी, आणि पायडलची ताकद चेनमधून मागच्या चाकाला. अशा सायकलींना तेव्हा नावच पडलं ‘सेफ्टी’, म्हणजे सुरक्षित सायकल. १८८८ मध्ये आयर्लंडमधल्या बेलफास्ट इथे जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि हाडं खिळखिळी करणारे धक्के कमी झाले. मग मधला आडवा दांडा खाली वाकवून बायकांसाठी वेगळा सांगाडा निघाला. झगा अडकू नये म्हणून चेनवर झाकण आलं, मागच्या चाकाला जाळी आली. आपण आज जिला लेडीज सायकल म्हणतो, ती हीच. पदर, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून आपण जी जाळी बसवून घेतो, ती तेव्हापासूनची आहे. बॅटरीची सायकल घेताना दुकानदार ‘ही जाळी नसली तरी चालते’ म्हणाला, तर त्याला सांगा, चालत नाही.

त्यानंतर दहाएक वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या बायका मोठ्या संख्येने सायकलवर दिसू लागल्या. दारूबंदीसाठी आणि बायकांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या फ्रान्सिस विलर्ड पन्नाशी उलटल्यावर सायकल शिकल्या आणि १८९५ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं.

आपल्याकडेही सायकल लवकरच आली. १८८८ मध्ये बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलीचं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर करणारा जो मोठा उद्योग उभा राहिला, त्याची सुरुवात सायकली विकण्या-दुरुस्त करण्यापासून झाली. त्याच घराण्याच्या छापखान्यातून १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक निघालं, तेही आठवणीत ठेवण्यासारखं.

बचत गट चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी मात्र एक गोष्ट आवर्जून वाचावी, ती तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची. १९९१ च्या सुमारास तिथे साक्षरतेची मोठी मोहीम चालू होती. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. शिकवायला गावोगाव जायचं तर बायकांना स्वतःचं वाहन हवं, म्हणून मोहिमेत सायकल शिकणंही घेतलं गेलं. बँकांकडून बायकांना सायकलीसाठी कर्ज मिळवून दिलं. एक लाखाहून जास्त ग्रामीण बायका सायकल शिकल्या, असं पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून ठेवलं आहे. त्यात शेतमजूर होत्या, खाणीत दगड फोडणाऱ्या होत्या, गावातल्या नर्स होत्या. टोमणे मारणारे होतेच, पण बायका थांबल्या नाहीत. लेडीज सायकली संपल्या तर त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच आवडल्या, कारण पुढच्या दांड्यावर पोराला बसवता येतं. पाणी आणणं, माल बाजारात नेणं, पोरांना शाळेत सोडणं यासाठी घरातल्या पुरुषाची किंवा बसची वाट बघणं सुटलं.

आता मोटारीकडे येऊ. बॅटरीची सायकल आजची वाटते, पण ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. ३१ डिसेंबर १८९५ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ऑग्डेन बोल्टन यांना तिचं पेटंट मिळालं. मोटार मागच्या चाकाच्या मधोमध आणि बॅटरी सांगाड्याच्या मधल्या भागात. आजच्या कितीतरी सायकलींची मांडणी अशीच असते. मग मधली शंभर वर्षं ती गेली कुठे? ती अडली बॅटरीपाशी. तेव्हाची शिशाची बॅटरी वजनाला फार आणि वीज साठवायला थोडी. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तितकीच वीज साठवणारी, पण कितीतरी हलकी. ती शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. १९९३ मध्ये जपानच्या यामाहा कंपनीने पायडलवर पायाचा जोर पडला की मोटार आपोआप हातभार लावते, अशी सायकल आणली. आज जपानमध्ये दोन-दोन पोरांना पुढे-मागे बसवून चढ चढणाऱ्या आया अशाच सायकलींवर दिसतात.

म्हणजे उंच चाकाचा धोका गेला, धक्के गेले, चढाचा त्रासही गेला. पण ज्या बॅटरीने हे साधलं, तिने एक नवा धोका घरात आणला.

मार्च २०२२ मध्ये तामिळनाडूतल्या वेल्लोर इथे रात्री घरी चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरला आग लागली आणि धुरात गुदमरून बाप-लेक दोघंही गेले. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटरीमुळे अडीचशेहून जास्त आगी लागल्या आणि १८ माणसं दगावली. घरोघरी डबे पोचवणाऱ्या गरीब मुलांच्या स्वस्तातल्या सायकली, जुने सेल जोडून केलेल्या बॅटऱ्या, भलताच चार्जर, आणि चार्जिंग दाराच्या वाटेतच, अशा गोष्टी तिथे पुढे आल्या. त्याच वर्षी त्या शहराने तपासणीचं प्रमाणपत्र नसलेल्या अशा सायकली आणि बॅटऱ्या विकायला बंदी केली.

हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. आपण गॅसची शेगडीही अशीच शिकलो. आधी भीती वाटली, मग नळी तपासायला, रेग्युलेटर बंद करायला शिकलो. बॅटरीचंही तसंच आहे. ती आतून इजा झालेली असेल किंवा प्रमाणाबाहेर चार्ज झाली, तर आत उष्णता वाढते, एक सेल दुसऱ्याला तापवतो आणि मग ते थांबत नाही. म्हणून सगळी काळजी दोनच गोष्टींची. तिला इजा होऊ द्यायची नाही आणि तापू द्यायची नाही.

चार्जर सायकलीबरोबर आलेलाच वापरा. पिन बसते म्हणून शेजारणीचा लावू नका, दोघींच्या बॅटरीचे व्होल्ट वेगळे असू शकतात. उन्हातून आल्याआल्या चार्जिंगला लावू नका, अर्धा तास निवू द्या. चार्जिंग फरशीवर करा. गोधडी, गादी, कडबा, कापूस, गॅस यांच्याजवळ नको आणि घराच्या दाराच्या वाटेत तर मुळीच नको. बोर्ड सैल असेल, तापत असेल, तर आधी तो बदला.

सगळे झोपलेले असताना चार्जिंग चालू ठेवू नका. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे वीजच रात्री येते. तर लक्षात ठेवा, लिथियमची बॅटरी प्रत्येक वेळी पूर्ण भरावी लागत नाही. जेवणं होईपर्यंत दोन तास लावली, अर्धी भरली, तरी तिचं काही बिघडत नाही. उलट कायम काठोकाठ भरून ठेवणं आणि अगदी संपवून टाकणं, या दोन्हींनी तिचं आयुष्य कमी होतं. सायकल महिनाभर वापरायची नसेल तर बॅटरी साधारण अर्धी भरून, थंड कोरड्या जागी ठेवा. काही स्वस्त गाड्यांना अजून शिशाची जड बॅटरी असते. तिचा नियम वेगळा, ती वापरली की त्याच दिवशी भरून ठेवायची.

बॅटरी फुगली, जोरात पडली, पाण्यात बुडाली, वेगळा वास किंवा फुसफुस आवाज आला, तर ती पुन्हा चार्ज करायची नाही. चार्जिंग बंद करा आणि ती थंड असेल तरच उचलून घरापासून लांब उघड्यावर ठेवा. धूर निघत असेल तर उचलायच्या भानगडीत पडू नका. माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या, १०१ किंवा ११२ ला फोन करा.

पावसात सायकल चालते, पण ओढ्याच्या पाण्यात घालू नका. पाइपचा जोराचा फवारा मारून धुऊ नका. बॅटरी काढून ओल्या फडक्याने पुसा आणि जोडणीच्या पिना कोरड्या झाल्यावरच बॅटरी बसवा.

बाकीची निगा आपल्या जुन्या सायकलीचीच, फक्त थोडी जास्त. वजन जास्त म्हणून थांबायला अंतर जास्त लागतं. ब्रेकचे रबर झिजले का, आठवड्याला बघा. हवा टायरच्या कडेला लिहिली असेल तेवढी ठेवा. हवा कमी असेल तर बॅटरी लवकर उतरते. चेनला तेल द्या, चाकाचे नट घट्ट आहेत ना ते बघा. चढताना-उतरताना आणि पोरं जवळ असताना मोटार बंद ठेवा. हेल्मेट घाला, डोकं आपलं आहे.

कायद्याचंही सांगते. मोटार २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर लायसन्स किंवा नंबर लागत नाही. ब्रेक मात्र नीट हवेत आणि पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर हवा. कुणी ‘वेग वाढवून देतो’ म्हणालं तर नको म्हणा. ती मग कायद्याने सायकल राहत नाही आणि ब्रेकही तेवढ्या वेगासाठी केलेले नसतात.

गटातून कर्ज काढणाऱ्यांनी एक हिशेब आधी मांडावा. बॅटरीची लेखी हमी किती वर्षांची आणि आपले हप्ते किती महिन्यांचे? बॅटरी आधी गेली आणि हप्ते उरले, तर सायकल दारात उभी आणि कर्ज डोक्यावर. म्हणून पक्कं बिल घ्या. नवी बॅटरी केवढ्याला आणि दुरुस्ती कोण करतं, हेही आधीच विचारा. जुनी बॅटरी भंगारात घालू नका. २०२२ च्या नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, ती दुकानात परत द्या.

पुष्कळ घरांत सायकल बाईच्या नावावर असते आणि चार्जर, किल्ली, दुरुस्ती दुसऱ्याच्या हातात. मग ती बिघडली की बाई पुन्हा एसटीच्या थांब्यावर. गटातल्या निदान दोघींनी पंक्चर, ब्रेक, चेन शिकून घ्यावं. बॅटरी आणि चार्जर मात्र कुणीच घरी उघडायचा नाही, तो जाणकाराकडेच न्यायचा.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे अशी सायकल आहे, त्यांनी ती घेऊन या. स्टँडवर लावून मागचं चाक उचला, मोटार चालू करा आणि ब्रेक दाबा. ब्रेक दाबताच मोटार थांबली पाहिजे. नाही थांबली, तर त्या सायकलीवरून घरी जायचं नाही, आधी दुकान गाठायचं.