परदेशातील चकवा : वाट चुकलेल्या दांपत्यांचे धडे

जुलै २००९ मधील गोष्ट. उत्तर इटलीतील कार्पी या गावाच्या पर्यटन कार्यालयात एक स्वीडिश दांपत्य आले आणि 'निळी गुहा' कुठे आहे, अशी विचारणा त्यांनी केली. कर्मचारी बुचकळ्यात पडले. निळ्या पाण्याची ती सुप्रसिद्ध गुहा काप्री बेटावर आहे आणि काप्री तेथून सुमारे ६५० किलोमीटर दूर, नेपल्सच्या समुद्रात. मोटारीतील जीपीएस यंत्रात गावाचे नाव टंकताना अक्षरांची अदलाबदल झाली आणि यंत्राने त्यांना इमानेइतबारे कार्पीला आणून सोडले. बेटावर निघालेल्या या पाहुण्यांना वाटेत समुद्र कसा लागला नाही, याचे त्या कार्यालयातील मंडळींना फार नवल वाटले. दांपत्याने चूक समजून घेतली आणि मोटार दक्षिणेकडे वळवली.

ही चूक हसण्यावारी गेली, कारण कार्पीत माणसे होती, पेट्रोल होते, पक्का रस्ता होता. तशीच चूक निर्मनुष्य मुलुखात झाली, तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेच्या नेवाडा राज्यात २०११ मध्ये घडले.

सात आठवडे मोटारीत

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील पन्नाशी उलटलेले एक दांपत्य १९ मार्च २०११ रोजी आपल्या व्हॅनमधून लास वेगासला निघाले. तेथे भरणाऱ्या एका व्यापारी प्रदर्शनाला त्यांना जायचे होते. सीमा ओलांडून ते अमेरिकेत आले. ऑरेगन राज्यातील बेकर सिटी येथे ते थांबल्याचे तेथील कॅमेऱ्याने टिपले. त्यानंतर मात्र त्यांचा ठावठिकाणा कुणालाच लागला नाही.

त्या रात्री नेवाडाच्या सीमेवरील जॅकपॉट या गावी त्यांचा मुक्काम ठरला होता. आयडाहोतून जॅकपॉटला जाण्यासाठी रुंद, वाहता महामार्ग आहे. पण तो वळसा टाळून ते डोंगराळ वनक्षेत्रातील आडवाटेला लागले. नकाशावर ही वाट जवळची दिसते. प्रत्यक्षात ती कच्ची आहे आणि त्या भागात वसंताच्या प्रारंभीही बर्फ व चिखल असतो. व्हॅन चिखलात रुतली, ती निघालीच नाही. मोबाईल फोनला संपर्कक्षेत्र नव्हते.

तीन दिवस वाट पाहून २२ मार्च रोजी पती जीपीएस यंत्र हाती घेऊन माउंटन सिटी या गावाच्या दिशेने मदतीसाठी पायी निघाले. ते परतले नाहीत. पत्नी व्हॅनमध्येच राहिल्या. जवळ थोडा सुकामेवा, काही गोळ्या व माशाच्या तेलाच्या कॅप्सूल होत्या. त्याचे रोजचे अगदी लहान वाटे करून आणि ओढ्याचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी पिऊन त्यांनी सात आठवडे काढले. ६ मे रोजी शिकारीसाठी आलेल्या काही जणांना ती व्हॅन दिसली, तेव्हा त्या जिवंत होत्या. पतीचे अवशेष सापडायला २०१२ चा शरद ऋतू उजाडावा लागला. तेही शिकाऱ्यांनाच, डोंगरात.

या दांपत्याचा शोध घेतला गेला नव्हता असे नाही. तो कसून घेतला गेला. परंतु त्यांनी मधेच वाट बदलली होती आणि ती बदलल्याचे घरी कुणाला ठाऊक नव्हते. शोधकर्त्यांना कुठे पाहायचे, हेच माहीत नसले की मनुष्यबळ व हेलिकॉप्टर यांचा फारसा उपयोग होत नाही.

यंत्राला काय कळते, काय कळत नाही

जीपीएसची यंत्रणा अमेरिकी लष्कराने उभारली. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह संदेश पाठवतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की यंत्र आपले स्थान काढते. नागरी वापराच्या संदेशांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची त्रुटी मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि त्यानंतर मोटारींमध्ये ही यंत्रे झपाट्याने आली.

येथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. उपग्रह केवळ 'तुम्ही कुठे आहात' हे सांगतात. 'कोणत्या रस्त्याने जावे' हे यंत्रात साठवलेला नकाशा सांगतो. त्या नकाशात महामार्गाबरोबर जुन्या खाणींकडे जाणाऱ्या वाटा, लाकूडतोडीचे रस्ते, वनखात्याच्या पायवाटावजा सडका यांचीही नोंद असू शकते. तो रस्ता हिवाळ्यात बंद असतो, पुरात वाहून गेला आहे किंवा साध्या मोटारीला झेपणारा नाही, ही माहिती नकाशात असेलच असे नाही. 'सर्वांत जवळचा मार्ग' असे विचारले की यंत्र किलोमीटर मोजते. धोका मोजत नाही.

१० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस या जागतिक उच्चांकी तापमानाची नोंद झालेल्या कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत वनरक्षकांनी अशा घटनांना 'जीपीएसमुळे मृत्यू' असे नावच दिले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनीही डिसेंबर २०१२ मध्ये नागरिकांना सावध केले होते. एका मोबाईल नकाशाने मिल्ड्युरा हे शहर त्याच्या खऱ्या जागेपासून सुमारे ७० किलोमीटर दूर, पाण्याचा थेंब नसलेल्या राष्ट्रीय उद्यानात दाखवले होते आणि अनेक प्रवासी तेथे अडकले होते.

अर्थात सगळा दोष यंत्राचा नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये ऑरेगनच्या डोंगरात वाट चुकून बर्फात अडकलेल्या एका अमेरिकी कुटुंबाच्या हाती कागदी नकाशा होता. तेथेही पती मदतीसाठी पायी निघाले आणि थंडीने मृत्युमुखी पडले. मोटारीजवळ थांबलेल्या पत्नी व दोन लहान मुली वाचल्या. 'इतके आलोच आहोत, तर आता परत कशाला फिरायचे?' हा विचार यंत्राचा नसतो, तो माणसाचा असतो. चाक एकाच्या हाती आणि नकाशा दुसऱ्याच्या हाती असला की चूक कबूल करणे दोघांनाही जड जाते.

निघण्यापूर्वी

मुलांकडे अमेरिकेत वा ऑस्ट्रेलियात गेलेली अनेक मराठी दांपत्ये आता भाड्याची मोटार घेऊन स्वतःच फिरायला निघतात. त्यासाठी लागणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयातून (आरटीओ) मिळतो. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो आणि मूळ परवाना सोबत ठेवावा लागतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व जपान येथे आपल्यासारखीच वाहने डावीकडून चालतात. अमेरिका, कॅनडा व युरोपातील बहुतेक देशांत ती उजवीकडून चालतात. कागदपत्रांइतकीच पुढील काळजीही महत्त्वाची आहे.

* जाण्याचा मार्ग आणि पोहोचण्याची वेळ घरच्यांना कळवावी. मार्ग बदलल्यास तोही लगेच कळवावा.
* गावाचे नाव टंकल्यावर राज्य, अंतर व लागणारा वेळ पडताळून पाहावा. एकाच नावाची गावे अनेक असतात.
* पक्का रस्ता संपून कच्चा सुरू झाला की थांबावे. पुढे जाण्याऐवजी आल्या वाटेने परतावे.
* पाणी, कोरडे खाणे, पांघरूण, विजेरी व त्या भागाचा कागदी नकाशा गाडीत असावा. मोबाईलमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्यावा.
* मदतीचा क्रमांक पाठ असावा. अमेरिका व कॅनडात ९११, युरोपीय संघात ११२, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११. २०२२ पासून काही मोबाईल फोनमधून थेट उपग्रहामार्फत मदत मागण्याची सोय आली आहे. आपल्या फोनमध्ये व त्या देशात ती चालते का, हे आधी पाहावे.
* गाडी अडकलीच तर ती सोडू नये. माणसापेक्षा गाडी दुरून आणि आकाशातून लवकर दिसते, शिवाय ऊन, वारा व थंडीपासून आडोसा देते. बर्फात इंजिन सुरू करण्यापूर्वी धूर बाहेर पडण्याची नळी मोकळी करावी, अन्यथा विषारी वायू आत शिरतो.

कोकणात रात्री रानात वाट चुकून माणूस फिरून फिरून त्याच जागी येऊ लागला की त्याला चकवा लागला, असे म्हणतात. अशा वेळी धावाधाव करू नये, आहे तेथेच बसावे आणि उजाडू द्यावे, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. परदेशातील बचाव पथकेही वाट चुकलेल्यांना आज हाच सल्ला देतात.