घोडा कोणाचा?

‘पक्षाचा निष्ठावंत शिलेदार’ असे वर्तमानपत्रात छापून येते, तेव्हा मराठ्यांच्या लष्कराची थोडी जरी माहिती असली तरी हसू येते. शिलेदार हा मुळात स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येणारा स्वार. पटले तर राहील, नाही तर दुसऱ्या सरदाराकडे जाईल. निष्ठावंत म्हणायचेच तर बारगिराला म्हणावे. त्याला घोडा सरकारी पागेतून मिळे आणि पगार ठरलेला असे. एक फ्रीलान्सर, दुसरा कायम नोकरीतला, असे आज आपण म्हणू. पगाराचा आकडा शिलेदाराचा मोठा आणि मानही मोठा. पण तो आकडा फसवा होता. बारगिरापेक्षा जे जास्त मिळे ती त्याच्या तलवारीची किंमत नव्हती, ते घोड्याचे भाडे होते. दाणावैरण, नालबंदी, घोडा राखणाऱ्या मोतद्दाराची मजुरी, सगळे त्यातूनच भागवायचे. आणि घोडा पडला की कमाईच काय, भांडवलही गेले. कालचा शिलेदार उद्या दुसऱ्याच्या घोड्यावर बसायला तयार. लढाईत शिलेदार जपून वागतो अशी तक्रार असे. ती खरी मानली तरी त्याला भ्याड का म्हणावे? ज्याची सारी इस्टेट चार पायांवर उभी आहे, तो ती तोफेपुढे नेताना दोनदा विचार करणारच.

शिवाजीमहाराजांनी हे नेमके ओळखले होते. कृष्णाजी अनंत सभासदाने 1694 मध्ये लिहिलेल्या बखरीत पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. ही शेवटची दोन माणसे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. पाणी आणि नाल या दोन रोजच्या काळज्या स्वाराच्या डोक्यावरून उचलून राज्याने आपल्याकडे घेतल्या होत्या. शिलेदारांना महाराजांनी घालवले नाही, पण पागेचे बळ मोठे ठेवून त्यांना तिच्या अमलाखाली आणले. मोहिमेवर निघताना जवळच्या चीजवस्तूची याद व्हायची, परतल्यावर झडती. जास्त सापडले तर ते सरकारजमा तरी व्हायचे किंवा पगारातून वळते तरी. स्वतःचा घोडा असलेलाही हिशेबातून सुटत नव्हता.

यावर कोणी म्हणेल की नोकरीचे एवढे कौतुक कशाला, पेशवाईत पगार वेळेवर कुठे मिळत होते? आक्षेप रास्त आहे. थकबाकीसाठी शिपायांनी सरदाराच्या दारात धरणे धरून बसणे तेव्हा नवलाचे नव्हते. पण त्यातून नोकरी वाईट ठरत नाही. खजिन्यात कायमची आवक नसेल तर नोकरीही नावापुरतीच उरते, एवढे कळते. महादजी शिंद्यांनी आपला युरोपीय सेनानी द बॉइन याच्या पलटणींच्या खर्चासाठी दोआबातला मुलूखच लावून दिला. तिथला पगार बराच नियमित राहिला आणि पलटणीही टिकल्या. दुसरा आक्षेप मोठे होण्याच्या संधीचा. शिलेदार पथक वाढवत सरदार होई हे खरेच, पण बारगिराची वाट बंद होती असे नाही. शिंदे घराण्याचे राणोजी बाळाजी विश्वनाथांच्या पागेतूनच वर आले. आणि निव्वळ मोकळीक हवी असेल तर पेंढाऱ्यांकडे पाहावे: पगार काहीच नाही, उलट लुटीच्या परवानगीसाठी सरदारालाच पालपट्टी भरायची. काम मिळवून देणाऱ्याला कमाईतला वाटा देण्याची ही रीत आपल्याला अनोळखी वाटू नये.

शिलेदारीची खरी परीक्षा मात्र पेशवाई बुडाल्यावर झाली. इंग्रजांनी हीच पद्धत आपल्या हिंदी घोडदळात चालू ठेवली आणि तिचे नावही ‘सिलेदार’ असेच राहिले. भरती होताना स्वाराने ठरावीक रक्कम भरायची, तिला ‘असामी’ म्हणत. घोडा मेला तर नवा घेता यावा म्हणून रिसाल्यात सगळ्यांच्या वर्गणीचा ‘चंदा’ फंड असे. एकट्याने सोसायची जोखीम वाटून घेण्याची ही उत्तम तोड होती, आणि शांततेच्या काळात ती चांगली चालली. चार घोडे मेले तर उरलेल्यांच्या वर्गणीतून भरून निघत. पण 1914 च्या महायुद्धात घोडे शेकड्यांनी मरू लागले, फंडाला ते पेलेना, आणि बदली घोडे पुरवणे सरकारलाच हाती घ्यावे लागले. सगळ्यांवर एकदम कोसळणारे संकट सगळ्यांच्या वर्गणीतून निभत नाही. युद्धानंतरच्या फेररचनेत सिलेदारी मोडली आणि हिंदी घोडदळातला प्रत्येक घोडा सरकारी झाला.